जोडीतला गैरहजर

स्लेट फोर्क
१२ जानेवारी १९७८

प्रिय नेड्रा,

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहितेय, असं म्हणशील. आमच्याकडे अख्खं खोरं अजून एकाच तारेवर आहे, हे तू राजधानीत राहून विसरलीस. मी रिसीव्हर उचलला की हेझलबाई श्वास रोखून ऐकत बसते, आणि तिचा जावई कंपनीच्या ऑफिसात आहे. जे लिहायचंय ते त्याच्या कानावर जायला नको.

वरच्या बांधातून पाणी झिरपायला लागलंय. आपण शाळेत होतो तेव्हा तिथे नुसती दरी होती, आठवतं ना? कंपनीने खाणीतला टाकाऊ दगड आणि भुगा टाकून टाकून तिचं तोंड बुजवलं आणि कोळसा धुतलेलं काळं पाणी मागे साठवलं. म्हणायला भिंत, पण आत ना सिमेंट ना काही. गेल्या आठवड्यात मी वर जाऊन पाहिलं. पायथ्याशी मनगटाएवढी धार लागलीय आणि भिंतीवर उभं राहिलं की पायाखाली काहीतरी कुशीवर वळल्यासारखं वाटतं. कंपनीचा माणूस म्हणतो, "बाई, झिरपणारा बांध चांगला, दाब सुटतो." मी म्हटलं, "मग तुझं बिऱ्हाड आण की इथे खाली." नुसता हसला.

बांधांच्या तपासणीचं बिल सिनेटमध्ये येणार असं पेपरात वाचलं. सरकारी इंजिनिअर येऊन पाहणार, धोका दिसला तर पाणी सोडायला लावणार. आमच्यासारखी कितीतरी खोरी राज्यात आहेत. ते पास होईल का? आणि खरा प्रश्न हा, की थर्मनमामा मत देईल का?

इथे लोक मामाला देवाखालोखाल मानतात. पूल त्याने आणला, शाळेची बस त्याने आणली, फुप्फुसं काळी झालेल्या खाणवाल्यांच्या पेन्शनसाठी तो टेबलावर मुठी आपटून भांडला. आमच्या घरी येशूच्या तसबिरीशेजारी त्याचा निवडणुकीतला फोटो आहे आणि आई दोघांवरची धूळ एकाच फडक्याने पुसते. पण बांधांचं बिल आलं की हा माणूस मत देत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. आई त्याची सख्खी बहीण, तीसुद्धा म्हणते, "त्याला त्यावरून छेडू नकोस," आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

तू त्याची सेक्रेटरी म्हणून त्याच्या टेबलाशेजारी आयुष्य काढलंस, तेव्हा तुला माहीत असणार. आईचे गुडघे गेलेत, घर सोडायचं नाव काढू देत नाही. म्हणते, "माझा भाऊ सिनेटमध्ये बसलाय, मला काय होतंय?" त्या भावावर किती विसंबायचं, तेवढं कळव.

तुझी,
लोरीन

सिनेट ऑफिस, राजधानी
२० जानेवारी १९७८

प्रिय लोरीन,

प्रश्न विचारायची तुझी पद्धत शाळेत होती तशीच आहे. दार न ठोठावता थेट आत. पण तू विचारलंस ते बरं झालं, कारण हे मला कोणालातरी सांगायचंच होतं.

इथे एक जुनी रीत आहे. तिला जोडी लावणं म्हणतात. समज, एका बिलावर तू 'हो' म्हणणार आणि मी 'नाही'. तुला घरी जायची निकड आली, तर तू येऊन म्हणायचं, "माझ्याशी जोडी लाव." मी कबूल केलं की तू निश्चिंत जायचं, कारण तू परत येईपर्यंत मीही मत देणार नाही. तुझं गेलं, माझंही गेलं, मिटलं. सही नाही, शिक्का नाही, नुसता शब्द. नाव पुकारलं की उभं राहून सांगायचं, "माझी अमक्याशी जोडी आहे. ते इथे असते तर 'हो' म्हणाले असते. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो." जोडी सुटते ती गेलेल्या माणसाने सोडली तर, किंवा तो परत येऊन खुर्चीत बसला तर.

बेकर्स रन खोरं वाहून गेलं तेव्हा आपण दोघी विशीच्या आतच होतो. तिथला सिनेटर एमेट लस्क, तुझ्या मामाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. पक्ष वेगळे, पण दोघांचं मेतकूट. त्या वर्षीही असंच बिल होतं. लस्कच्या डोक्यावरच तो बांध, तेव्हा तो 'हो'वाला. तुझा मामा तेव्हा तरुण होता, कंपनीच्या शब्दाबाहेर नव्हता, तो 'नाही'वाला. लस्कची बायको आजारी पडली, त्याने जोडी मागितली, मामाने दिली आणि लस्क घरी गेला. मग एका इंजिनिअरने मामाला बांधाचे फोटो दाखवले. मामाचं मत फिरलं. पण शब्द दिलेला होता. मतदानाला मामा उभा राहिला, जोडी आहे म्हणाला आणि खाली बसला. बरोबरी झाली आणि एका मतावाचून बिल पडलं. दोन दिवसांनी बांध फुटला, लस्क तेव्हा खाली घरीच होता.

तेव्हापासून बांधांचं कुठलंही बिल आलं की सिनेटर उभे राहून तेच वाक्य म्हणतात. "माझी बेकर्स रनच्या सिनेटरांशी जोडी आहे. ते इथे असते तर 'हो' म्हणाले असते." नवे मेंबर आधी हसतात. मग बाकी कोणी हसत नाही हे बघून गप्प होतात. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "एमेटने मला मोकळं केलं नाही, नेड्रा."

एवढ्यापर्यंत मी समजू शकते. पण यंदा काहीतरी बदललंय. जेवायला गेलो की ते घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव दोन माणसांचा मागवतात आणि दुसरी थाळी समोर ठेवतात. लिफ्टमध्ये शिरले की कडेला सरकून उभे राहतात. परवा दार उघडं धरून ठेवलं, मी म्हटलं, "मी आले की आत." म्हणाले, "तुझ्यासाठी नाही."

म्हातारपण आहे, असं मी स्वतःला सांगते. तूही तसंच समज.

तुझी,
नेड्रा

स्लेट फोर्क
२९ जानेवारी १९७८

प्रिय नेड्रा,

म्हणजे आमचे जीव एका मेलेल्या माणसाच्या परवानगीसाठी अडलेत. तुमच्या त्या शहाण्या लोकांच्या दालनात हे कोणाला वेडेपणाचं वाटत नाही? पोस्टात हे मोठ्याने वाचलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

मामाला माझ्याकडून दोन गोष्टी विचार. एक, मेलेला माणूस गैरहजर कसला, तो मेलेला असतो. दुसरं, दोघांचंही मत 'हो' असेल तर जोडी कसली? हे मला, आठवीतून शाळा सोडलेलीला कळतं.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. लपवलं असतं तर तिने डब्यातून शोधून काढलं असतं. तिने हातातलं मटारचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मतदानाच्या आदल्या दिवशी थर्मनने एमेटला फोन लावायचा प्रयत्न केला होता, मला मोकळं कर म्हणून सांगायला. पावसाने तारा पडल्या होत्या. दिवसभर लावत होता." आणि म्हणाली, "एमेट सापडलाच नाही ना. बायको सापडली, पोर्चची खुर्ची सापडली, तो नाही." मला हे माहीत नव्हतं. बेकर्स रनच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, त्याखाली काही नाही.

एमेट कसा होता, तेही सांगितलं. खोकल्याच्या त्या तपकिरी कडू गोळ्या सदा तोंडात. बाई असो, बाप्या असो, सगळ्यांना 'शेजारी' म्हणायचा. मत द्यायच्या आधी बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठोकायचा. आई सांगताना चक्क लाजली. मला वाटतं, आमच्या वडिलांच्या आधी तिथे काहीतरी असावं. असो.

धार आता मनगटाची मांडीएवढी झालीय. ओढ्याला काळा फेस येतोय आणि कुत्री पाण्याजवळ जात नाहीत.

मामाला विचार.

लोरीन

सिनेट ऑफिस
१३ फेब्रुवारी १९७८

प्रिय लोरीन,

विचारलं. दोन्ही प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारले, फक्त 'वेडेपणा' गाळला.

पहिल्यावर म्हणाले, "तो मेला हे कोणी पाहिलं? तो घरी गेलाय. परत आला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे." दुसऱ्यावर म्हणाले, "शब्द दिला तेव्हा मी 'नाही'वाला होतो. माझं मत बदललं म्हणून शब्द बदलतो का? मग आपल्या शब्दाला आणि कंपनीच्या शब्दाला फरक काय राहिला?" मी म्हटलं, "सिनेटर, ओपल तिथे खाली राहते. तुमची बहीण." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि माझ्यामुळे त्यांना रडू आलं याचं मला फार वाईट वाटलं.

हा माणूस निर्दय नाही, लोरीन. इथे सकाळी शब्द देऊन दुपारी मोडणारे पुष्कळ आहेत आणि ते सुखाने झोपतात. याच्या शब्दावर लोकांनी रस्ते बांधले, संप मिटवले. तेवढीच त्याची कमाई आहे. तीच आता त्याच्या गळ्याशी आलीय.

आता तुला जे सांगायचं नव्हतं ते सांगते. त्यांच्या शेजारची खुर्ची यंदा रिकामी आहे. तिथले मेंबर आजारी म्हणून सबंध सत्र येणार नाहीत. त्या खुर्चीखालच्या गालिच्यावर रोज सकाळी काळा ओला भुगा असतो. झाडणारा माझ्यावर वैतागला, "तुमच्या साहेबांना बूट पुसून यायला सांगा." साहेबांचे बूट मी पाहिले, कोरडे ठणठणीत. मी चिमूटभर भुगा कागदावर घेतला. आपल्या खोऱ्यातली मुलगी कोळशाचा भुगा ओळखणार नाही तर कोण? आणि टेबलाजवळ त्या कडू गोळ्यांचा वास. तुझ्या मामाला तो वास सहन होत नाही, लहानपणी त्या जबरदस्तीने चोखायला लावायचे म्हणून.

काल मी धीर करून विचारलं, "इथे कोणी बसतं का?" ते अगदी सहज म्हणाले, "एमेट येतोय हळूहळू. लांबून यायचंय त्याला." मग म्हणाले, "जोडीत एकाने घरी जायचं, एकाने बसायचं. माझी जायची पाळी कधी आलीच नाही बघ."

हे तू आईला वाचून दाखवू नकोस.

मतदान एक मार्चला सकाळी आहे. आम्ही पुन्हा पुन्हा मोजलं. त्यांच्याशिवाय दोन्ही बाजू सारख्या भरतात, आणि बरोबरी झाली की बिल पडतं.

नेड्रा

स्लेट फोर्क
२४ फेब्रुवारी १९७८

प्रिय नेड्रा,

बर्फावर पाऊस सुरू झालाय. याहून वाईट काही नाही, हे तुला सांगायला नको. डोंगरावरचं सगळं वितळून त्या तळ्यात येतंय. कंपनीने पंप लावलाय, तो चालू कमी आणि बंद जास्त असतो. पलीकडचा रस्ता खचलाय, राजधानीकडची गाडी बंद. हे पत्र टपालवाला पायी डोंगर उतरून नेईल, पोचलं तर पोचलं.

मी आईला म्हटलं, चार दिवस टेकडीवरच्या चर्चमध्ये राहू. तिने सरळ नाही म्हटलं. मी भांडले, रडले, शेवटी धमकी दिली की मी एकटी जाईन. म्हणाली, "जा. थर्मन येऊन सांगेल तेव्हा मी उठेन." शेजारीपाजारीही तेच. थर्मन हॅचर सिनेटमध्ये आहे तोवर आपल्याला काही होणार नाही, असं म्हणून लोक पत्ते खेळत बसलेत. तुमच्या सिनेटरने इतकी वर्षं इतकं चांगलं काम केलं, की आता त्याच्या भरवशावर माणसं मरायला बसलीत.

मला तुझ्या भुग्याची आणि वासाची भीती वाटत नाही. मला पाण्याची भीती वाटते. मेलेला असो की जिता, जो कोणी त्या खुर्चीत येतोय, त्याला म्हणावं लवकर ये.

लोरीन

सिनेट ऑफिस
१ मार्च १९७८, दुपार

माझी लाडकी लोरीन,

पास झालं. एका मताने पास झालं, आणि ते मत तुझ्या मामाचं.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. सकाळपासून सांगते. सिनेटर कधी नव्हे ते उशिरा आले. अंगात नेहमीचा करडा कोट, डोक्यावर हॅट तशीच. मी म्हटलं, "किती वाट पाहायला लावलीत." तर म्हणाले, "लांबून आलो, शेजारीणबाई." मला हसू आलं. लस्कची लकब त्यांनी आजच्या दिवसासाठी मुद्दाम घेतली असावी, मित्राची आठवण म्हणून. कोटाच्या बाह्या ओल्या होत्या. बाहेर पाऊस होता, नवल नाही.

नावं पुकारायला सुरुवात झाली. मी गॅलरीत रेलिंग धरून उभी. हॅचर, असं पुकारल्यावर सगळे खाली मान घालून बसले, आता ते जुनं वाक्य येणार म्हणून. ते उठले. टेबलावर पेरांनी दोनदा ठोकलं. म्हणाले, "अध्यक्षमहाराज, या सभागृहात एक जोडी फार वर्षं चाललीय. ती आज सुटली. बेकर्स रनचे सिनेटर हजर आहेत." आणि म्हणाले, "हो."

केवढ्याने म्हणाले. हा आवाज त्यांनी कुठे ठेवला होता कोण जाणे. पुकारणाऱ्या क्लार्कने क्षणभर लिहिलंच नाही. मग लिहिलं. माझ्या शेजारी एक खाणवाल्याची विधवा बसली होती, तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं अजून दुखताहेत.

नंतर मी कॉफी नेऊन दिली. त्यांनी कप धरून ठेवला, प्यायले नाहीत. फार थकलेले दिसत होते, चेहरा मातकट. मी म्हटलं, "आता घरी जाऊन पडा." म्हणाले, "थर्मन गेलाय घरी." म्हातारी माणसं कधी कधी स्वतःचं नाव घेऊन बोलतात, तसं. मग डोंगरांच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी टायपिंगला वळले आणि पाहिलं तर गेलेले. गाडी मात्र खाली जागेवरच आहे, म्हणजे पायीच गेले असणार.

ओपलकाकूंना सांग, त्यांचा भाऊ उठला आणि बोलला. आता तुम्ही सुटलात.

तुझी,
नेड्रा

टेकडीवरचं चर्च, स्लेट फोर्क
२ मार्च १९७८

प्रिय नेड्रा,

आम्ही जिवंत आहोत. आधी तेवढं वाच आणि मग पुढचं.

बांध काल सकाळी फुटला. खाली काही उरलं नाही. आमचं घर, शाळा, हेझलबाईचं दुकान, मामाच्या नावाचा पूल, सगळं गेलं. पण माणसं वाचली, मामामुळे. तू त्याला कसं पाठवलंस ग? मतदान टाकून तो आला, यासाठी मी तुझे उपकार कसे फेडू?

सकाळी नाश्त्याच्या वेळी दार उघडलं आणि तो आत. रस्ता बंद, गाडी नाही, तरी बूट कोरडे ठणठणीत. मला वाटलं, डोंगरावरच्या वाटेने आला असेल. आईने न बोलता ताट वाढलं. अंडी आणि मक्याचा पाव खाल्ला, वर मुरंबा मागून घेतला. मी म्हटलं, "मामा, आज मतदान आहे ना?" म्हणाला, "एमेट बसलाय माझ्या जागी. मी घरी आलो." मला ते नीटसं कळलं नाही आणि विचारायला वेळ नव्हता. त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "ओपल, ऊठ." आई उठली. माझ्या रडण्याला जिने दाद दिली नाही, ती कोट घालून दारात उभी राहिली.

मग तो घरोघर गेला. दार ठोठावून एवढंच म्हणायचा, "मी आलोय, चला वर." कोणी 'का' विचारलं नाही. ज्याने पूल आणला, बस आणली, त्याला काय विचारायचं? आम्ही सगळे टेकडी चढत होतो तेव्हा तो उलट्या दिशेने निघाला, पार वरच्या टोकाला बहिरा जेसप राहतो त्याच्याकडे. मी कोट धरला. म्हणाला, "सोड ग. इतक्या वर्षांनी घरी आलोय, सगळ्यांना भेटू दे." जेसप धापा टाकत वर आला. मामा आला नाही. मग तो आवाज आला. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

पुरुष माणसं चिखलात शोधताहेत. आई चर्चच्या पायरीवर बसून आहे. मतदान होऊन गेलं असेल हे मला कळतंय, तो इथे होता म्हणजे बिल गेलंच. मी त्याला दोष देणार नाही. तुझ्या त्या मेंबर लोकांना सांग, तो आमच्यासाठी आला होता.

तुझी,
लोरीन

सिनेट ऑफिस
६ मार्च १९७८

लोरीन,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची शोधली. माझं पत्रही तुला मिळालं असेल. आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली.

तो तुझ्याकडे होता. आणि तो माझ्याकडे होता, त्याच सकाळी. इथून तुमच्याकडे रस्ता चालू असतानाही अर्धा दिवस लागतो. सभागृहभर माणसांनी त्याला पाहिलं, मी कॉफी दिली. तू त्याला ताटावर बसून जेवताना पाहिलंस. तुझ्याकडच्याचे बूट कोरडे होते आणि माझ्याकडच्याच्या बाह्यांतून काळं पाणी गळत होतं. मी ते पावसाचं समजले. कॉफीचा कप मी अजून धुतला नाही. कडेला भुग्याची बोटं उमटलीत आणि त्याला त्या गोळ्यांचा वास आहे.

थर्मन हॅचर तुमच्याकडे आले. इथे त्यांच्या कोटात कोण उभं होतं, हे तुला आणि मला दोघींना कळलंय. मी त्याला हसले, लोरीन. शेजारीणबाई म्हणाला तेव्हा मी हसले.

आता घाबरण्यापेक्षा वाईट गोष्ट. कंपनीच्या बाजूचे एक मेंबर पेपर घेऊन अध्यक्षांकडे गेलेत. पेपरात छापलंय, वाचलेले लोक म्हणतात सिनेटर हॅचर यांनी आम्हाला उठवलं. मेंबर म्हणतात, तिथे होते तर इथलं मत खोटं, ते रद्द करा. मत रद्द झालं की बिल पडलं, आणि तुमच्यासारखी बाकीची सगळी खोरी तशीच बांधाखाली. अध्यक्षांनी मला विचारलं. मी म्हटलं, "हॅचरांच्या खुर्चीतून मत आलं, मी पाहिलं." खोटं नाही बोलले. पण तुमच्याकडे माणूस येणार आहे विचारायला.

तुम्ही खरं सांगितलंत तर मामाचं नाव राहील आणि कायदा जाईल. गप्प राहिलात तर उलट. हे मी तुला सांगू शकत नाही की काय कर. तो सापडला का?

नेड्रा

टेकडीवरचं चर्च
९ मार्च १९७८

प्रिय नेड्रा,

सापडला नाही. आता सापडू नये असंही वाटतं, आणि असं वाटतंय याची लाज वाटते.

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. चर्चमध्येच राहतोय, लपवणार कुठे? कोणी हसलं नाही. जेसपला मी पाटीवर लिहून दाखवलं. तो म्हणाला, "माझ्या दारात आला होता. हात धरला होता माझा. मी नाही कसं म्हणू?" आणि रडायला लागला. बाकीच्यांचंही तेच. वर्षानुवर्षं त्याला मतं दिली, आता त्याने जीव दिला तर आम्ही तोंड फिरवायचं? हेझलबाई म्हणाली, निदान एक दगड तरी लावू, नाव आणि तारीख. मग सगळे आईकडे बघायला लागले.

आई म्हणाली, "तारीख लावलीत की कायदा गेला." मग म्हणाली, "तो शब्दासाठी आयुष्यभर गप्प बसला. आपल्याला जमेल."

चौकशीचा माणूस काल आला. तरुण होता, बूट नवे, चिखलात फसत होता. एकेकाला विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, पाणी वाढलं म्हणून आम्ही वर आलो, पेपरवाल्याने काय ऐकलं ते त्याला विचारा. शेवटी तो आईकडे आला. "सिनेटर हॅचर तुमचे भाऊ. त्या सकाळी कुठे होते?" आई म्हणाली, "सिनेटमध्ये. सगळ्यांनी पाहिलंय. मत देऊन घरी निघाला." त्याने विचारलं, "आणि?"

"अजून पोचला नाही," आई म्हणाली.

त्याने लिहून घेतलं आणि गेला. मग आई मला म्हणाली, "एमेटबद्दलही असंच म्हणायचे ना लोक."

नेड्रा, एक विचारते. माझ्याकडे आलेला परत गेला नाही. तुझ्याकडे आलेला गेला का?

लोरीन

सिनेट ऑफिस
११ मार्च १९७८

प्रिय लोरीन,

मत कायम राहिलं. काल गव्हर्नरने सही केली. पहिले इंजिनिअर सोमवारी निघताहेत. काकूंना सांग.

आज सत्राचा शेवटचा दिवस. दुपारी शेवटची हजेरी झाली. क्लार्कने सवयीने हॅचर म्हटलं आणि जीभ चावली. तेवढ्यात त्या खुर्चीपाशी टेबलावर दोनदा ठोकल्याचा आवाज आला. जुनं लाकूड आहे, वाजतं, असं अध्यक्ष म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. क्लार्कने काय लिहिलं, ते मी पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर मी एकटी आत गेले. भर उजेड होता, खिडक्यांतून ऊन आलं होतं. गालिचा ओला होता आणि त्या गोळ्यांचा वास इतका ताजा, की जणू कोणी आत्ताच तोंडात टाकलीय. मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. आपल्यासाठी एवढं करून गेलेल्या माणसाची भीती कशी वाटेल? फार वाईट मात्र वाटलं.

मी त्या खुर्चीला म्हटलं, "लस्कसाहेब, सत्र संपलं. बिल पास झालं. आता घरी जा."

उत्तर आलं ते हळू, दमलेल्या माणसाचं, पण स्पष्ट.

"कसा जाऊ, शेजारीणबाई? थर्मन परत आला नाही अजून. मी शब्द दिलाय."

नेड्रा